थेंबांचा वेग

वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर शनिवारी मी मुलांना कॉम्प्युटरवर छोटे छोटे खेळ बनवायला शिकवते. आठ कॉम्प्युटर, अकरा मुलं आणि "ताई, माझं हलतच नाहीये!" असा सतत गजर. कुणाचं मांजर भिंतीतून आरपार जातं, कुणाचं विमान शेपटीकडून उडतं. मी या खुर्चीवरून त्या खुर्चीकडे नुसती नाचत असते.

त्यांच्यातच खारूताई. पेन्सिली कुरतडते म्हणून मुलांनी ठेवलेलं नाव. दहा वर्षांची, बोलणं मोजकंच. तिच्या खेळात वरून रंगाचे थेंब पडायचे आणि खाली बादली सरकवून ते झेलायचे. दिसायला देखणा खेळ, पण थेंब असे यायचे की वाटावं, वाटेत विसावा घेत येतायत. बादली तर अर्ध्या पडद्याएवढी.

पालकांना खेळ दाखवायच्या दिवशी मुलं यायच्या आधी मी एकेक कॉम्प्युटर तपासत होते. ग्रंथपाल बाई मागे उभ्या होत्या. खारूताईचा खेळ बघून म्हणाल्या, "हे शिकवलं का तुम्ही चार महिने?"

मला झोंबलं. "आकडा चुकलाय तिचा," मी म्हटलं. वेगाच्या जागी एक होता, मी सहा केला. बादली निम्मी केली. दोन मिनिटांचं काम. मुलीचं कौतुक व्हावं म्हणून केलं, असं मी मनाला सांगितलं. खरं तर मला माझं नाक वर ठेवायचं होतं.

खारूताई वडिलांना हाताला धरूनच घेऊन आली. ते रंगारी. शर्ट इस्त्रीचा, पण नखांच्या कडेला पिवळा रंग.

"बाबा, बसा ना. मी सांगत होते तोच हा."

ते बसले आणि उजवा हात डाव्या हाताने उचलून त्यांनी कीबोर्डवर ठेवला. तेव्हा कुठे मला दिसलं. बोटं कळ दाबायची, पण उशिरा. तोवर थेंब जमिनीवर फुटलेला असायचा. एक डाव गेला, दुसरा गेला. मागून एक मुलगा ओरडला, "काका, झोपलात का?" सगळे हसले. रंगारीही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते.

"आपल्याला नाही जमत बुवा हे."

खारूताई पडद्याला नाक लावून बघत होती. "असं नव्हतं हे. ताई, असं नव्हतं!"

त्या क्षणी सांगता आलं असतं. पण ग्रंथपाल बाई तिथेच होत्या, पालक होते. मी म्हटलं, "अगं, घाईत तुझ्याकडूनच चुकीचा आकडा पडला असेल."

ती वडिलांकडे वळली. "बाबा, माझं चुकलं."

"असू दे गं. रंग सांडायची सवयच आहे मला," ते म्हणाले. बाकीच्यांचे खेळ न बघताच दोघं निघून गेली.

पुढच्या शनिवारी ती वही घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "ताई, आकडा आपोआप बदलतो का? मी लिहून ठेवलं होतं. हे बघा, एक." पानभर आकडे होते. "बाबा भिंत रंगवताना परांची­वरून पडले ना, तेव्हापासून त्यांचं बोट उशिरा दाबलं जातं. किती उशिरा, ते मी घरी टेबलावर मोजलं होतं. मग माझं कुठे चुकलं?"

आठ दिवस ही पोर स्वतःची चूक शोधत होती.

"तुझं नाही चुकलं. आकडा मी बदलला. आणि त्या दिवशी खोटं बोलले."

अकराही तोंडं माझ्याकडे वळली.

"मला विचारलं का नाहीत?"

विचारावं असं मनातच आलं नव्हतं, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

"मी बाबांना सांगितलंय की माझं चुकलं," ती म्हणाली. "आता तुम्ही सांगा त्यांना."

वर्ग सुटल्यावर मी तिच्या वडिलांकडे गेले. पडल्यापासून ते एका रंगाच्या दुकानात रंग मिसळायला बसतात. डाव्या हाताने डबा ढवळत त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं, म्हणतील, असू द्या ताई. तसं ते म्हणाले नाहीत.

"मला हसले, त्याचं काही नाही," ते म्हणाले. "पण ती जेवतानासुद्धा आकडे पुटपुटत होती हो. आज सांगितलंत, बरं केलंत. त्याच दिवशी सांगायला हवं होतं."

"हो," मी म्हटलं. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि ते तिकडे वळले. मी मान खाली घालून बाहेर पडले.

खारूताई अजून येते. गेल्या शनिवारी तिला खेळाला पासवर्ड घालायचा होता. कसा घालायचा, ते तिने शेजारच्या मुलाला विचारलं. त्याला नीटसं येत नव्हतं, दोघांची अर्धा तास झटापट चालली. मी दोन पावलांवर उभी होते. तिने माझ्याकडे पाहिलं नाही आणि मीही पुढे झाले नाही.