बसताईंची दोन जागांची गाडी

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, माझ्यात दोनच माणसे मावतात. मागे सीट नाही, आणि डिकी एवढी लहान की एक पेटी ठेवली की संपली. डोक्यावर पत्र्याऐवजी कापडी टप आहे. तो मागे दुमडला की वर थेट आभाळ. मी एक जुनी स्पोर्ट्स कार आहे. माझा रंग गडद हिरवा, पण दरवाज्यांखाली तो जरा वेगळाच हिरवा आहे. तसे का झाले, ते सांगते.

कारखान्यात माझ्या सीटा एका बाईंनी शिवल्या. शेवटच्या शिवणीत एक टाका तिरका पडला, पण तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली आणि तो तसाच राहिला. मला काचेच्या मोठ्या दालनात उभे केले. तिथे एका दातांच्या डॉक्टरांनी मला पाहिले आणि त्यांचा जीव माझ्यावर जडला.

डॉक्टरांनी माझे लाड किती केले म्हणून सांगू! रोज मऊ फडक्याने पुसायचे. पाहुणे आले की मला दाखवायचे आणि म्हणायचे, "बघा, पण हात लावू नका." आभाळात एवढासा ढग दिसला तरी फेरी रद्द. रस्त्यावर खडी असली तरी रद्द. पहिल्या वर्षी मी पाच वेळा बाहेर पडले, तिसऱ्या वर्षी दोनदा. मग त्यांनी माझ्यावर जाड आच्छादन घातले, आणि त्याखाली मी एकोणीस वर्षे उभी राहिले. कधीतरी आच्छादन उचलून ते माझ्याकडे बघायचे आणि समाधानाने मान हलवायचे. वरून मी नव्यासारखी चकाकत होते. खाली ओल धरली होती, टायरना भेगा पडल्या होत्या आणि उंदरांनी इंजिनाशेजारी संसार थाटला होता. मला ओरडता येत नव्हते.

डॉक्टर गेले. त्यांच्या पत्नीने मला विकायला काढले. एक गृहस्थ आले, माझ्यात बसून फोटो काढला आणि निघून गेले. दुसरे म्हणाले, "सुटे भाग काढायला बरी आहे." त्या दिवशी मला फार वाईट वाटले.

मग बसताई आल्या. त्यांनी फोनवरच बजावले होते, "मी येण्याआधी गाडी चालू करून ठेवू नका हं. थंड इंजिन खोटं बोलत नाही." आल्या आल्या, इंजिन खरेच थंड आहे ना हे बघायला, त्यांनी माझ्या बॉनेटवर तळहात टेकवला. मग जमिनीवर पुठ्ठा टाकून चक्क माझ्याखाली शिरल्या. वय अठ्ठावन्न, पण टॉर्च धरून पाठीवर सरपटत इकडून तिकडे गेल्या. दरवाज्याखाली बोटाने ठोकत आल्या. टण, टण, टण, आणि मग भद्द.

"इथे पत्रा गेलाय," त्या खालूनच म्हणाल्या.

डॉक्टरांच्या पत्नीचे डोळे भरून आले. "ह्यांनी तर फार जपली होती हो!"

बसताई बाहेर आल्या, गुडघे झटकले आणि हळूच म्हणाल्या, "जपली होती, दिसतंय की ते. फिरवायची राहून गेली, एवढंच."

त्याच दुपारी त्यांनी मला दुसऱ्या गाडीला बांधून, टोचन करून नेले.

या ताईंनी एकतीस वर्षे शाळेची बस चालवली होती. बेचाळीस सीटांची बस. मुलेच त्यांना बसताई म्हणू लागली, आणि तेच नाव पडले. निवृत्त झाल्या आणि दोन जागांची गाडी घेऊन आल्या, तेव्हा त्यांच्या धाकट्या बहिणीने कपाळाला हात लावला. ताई म्हणाल्या, "जन्मभर मागून आरडाओरडा ऐकला गं. आता माझ्यामागे फक्त वारा."

पण हे अर्धेच खरे होते. उरलेले अर्धे पहिल्या मजल्याच्या खिडकीत बसले होते.

ताईंचे यजमान, म्हणजे काका, घड्याळे दुरुस्त करायचे. तांदळाच्या दाण्याहून लहान स्क्रू ते डोळ्याला भिंग लावून बसवत. मग त्यांचे हात थरथरू लागले. दवाखान्यात सांगितले, हा मेंदूचा आजार आहे, पुरता बरा होत नाही, पण औषधाने धीमा ठेवता येतो. काकांनी दुकान बंद केले. कपबशी खुळखुळली की लोक बघतात, म्हणून त्यांनी चारचौघांत जाणे सोडले. आठ महिने ते जिना उतरले नव्हते.

त्यांनी मला खिडकीतून पाहिले आणि भडकलेच. "उघडी गाडी? म्हणजे मला गावभर दाखवत फिरवणार?"

"तुम्हाला कोण म्हणालं बसा म्हणून? मी माझ्यासाठी घेतलीय."

"मग दुसरी सीट कशाला?"

"भाजीची पिशवी ठेवायला!"

आणि खरोखरच, मित्रांनो, कित्येक महिने माझ्या दुसऱ्या सीटवर भाजीची पिशवीच बसायची.

त्याआधी मी दोन महिने गॅरेजात होते. मिस्त्रींनी माझा गंजलेला पत्रा कापला आणि नवा जोडला. हिरवा रंग काही जुळेना. "उन्हात फरक दिसेल," ते ओशाळून म्हणाले. ताई म्हणाल्या, "दिसू दे. काय लपवायचंय?" मग त्यांनी मला चिखलातून, खड्ड्यांतून, भर पावसातून चालवले. एकदा चढावर माझ्या क्लचची तार तुटली, टपही अडकला, आणि ताई छत्री उघडून माझ्यात तासभर बसून राहिल्या. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्यांनी मात्र माझ्या स्टिअरिंगवर थोपटले.

मग माझे घड्याळ बंद पडले. समोरच्या फळीत स्पीडच्या काट्याशेजारी ते बसवलेले असते. ताईंनी ते काढले आणि चौकातल्या दुकानात द्यायचे म्हणून टेबलावर ठेवले.

"कोणाकडे देणार?" काकांनी विचारले. ताईंनी नाव सांगताच ते ताडकन उभे राहिले. "तो? अगं, तो कपडे धुतल्यासारखी घड्याळं धुतो! ठेव इथे. बस. चिमटा घे."

"मी?"

"मग काय, माझे हात चालणार आहेत? तुझे हात, माझे डोळे."

हे सगळे मला नंतर कळले. ताई मला चालवताना स्वतःशी बोलतात, त्यातून. ज्या जाड बोटांनी त्यांनी बसचे गिअर टाकले होते, त्याच बोटांत आता चिमटा आला. पहिल्या दिवशी इवलेसे चाक उडाले आणि दोघे गुडघ्यांवर बसून ते शोधत राहिले. "श्वास सोड, मग टेकव," काका म्हणायचे. "दाबू नकोस गं, ती बस नाही!" अकरा दिवस रोज सकाळी हा वर्ग भरला. घड्याळ चालू झाले. दिवसाला चार मिनिटे मागे पडते, पण चालते.

ते परत बसवायची वेळ आली तेव्हा काका म्हणाले, "तू तार तोडशील. मी धरतो." आणि कठड्याला धरून, एकेक पायरी मोजत ते खाली आले. माझ्या दुसऱ्या सीटवर ते बसले तेव्हा मी श्वास रोखून धरला असता, मला श्वास असता तर. घड्याळ बसले. काका उठले नाहीत. ताईंनी सेल्फ मारला.

"कोपऱ्यापर्यंतच हं," काका म्हणाले.

कोपऱ्यावर लाल दिवा लागला आणि शेजारी शाळेची बस येऊन थांबली. ताईंचीच जुनी बस. "बसताई! बसताई!" मुलांनी खिडक्या दणाणून सोडल्या. काकांनी झटकन दोन्ही हात मांड्यांखाली घातले. पण उघड्या गाडीत काय लपणार? वरच्या खिडकीतून एका लहानग्या मुलीने नीट वाकून पाहिले.

"काका, तुमचा हात का हलतो?"

काकांनी वर बघितले. मग म्हणाले, "माझं ऐकत नाही तो."

"माझा दातपण हलतो," मुलगी म्हणाली आणि तोंड उघडून, जिभेने ढकलून तिने तो दाखवला. "आई म्हणते, सारखं हात लावू नको. पण मी लावते."

काका हसले. आधी नुसते ओठ हलले, मग खांदे. त्यांनी हात बाहेर काढला आणि तिला टाटा केला. तो हात तसाही हलतच होता. दिवा हिरवा झाला, तेव्हा ताईंना समोरचे नीट दिसत नव्हते. मागच्या गाड्या हॉर्न देऊ लागल्या.

त्या दिवशी आम्ही कोपऱ्यावर वळलो नाही. सरळ गेलो.

त्यानंतर चार वर्षे भाजीची पिशवी डिकीत गेली. आम्ही तळ्यावर गेलो, टेकडीवर गेलो, धक्क्यावर बोटी बघायला गेलो. रस्त्यात भांडणेही झाली. काकांना प्रत्येक वळणावर वेग जास्त वाटायचा, आणि ताईंना प्रत्येक वळणावर काका जास्त बोलतात असे वाटायचे.

आजार मात्र पुढे सरकत राहिला. त्यांनी तळमजल्यावर घर घेतले, चाकांची खुर्ची आली. मी फार बुटकी आहे. माझ्यात बसायला गुडघे चांगलेच वाकवावे लागतात, आणि काकांचे गुडघे आता वाकेनात. गेल्या महिन्यात बहीण म्हणाली, "ताई, विकून टाक. उंच दाराची एखादी घे." ताई माझ्याकडे वळल्या. मी म्हटले, संपले.

मग त्यांनी माझा टप मागे दुमडला. "दारातून जात नाहीत ना? मग वरून घालू."

शेजारचा सुतार आला, वरचा टॅक्सीवाला आला. त्यांनी जाड चादरीची झोळी केली. सगळी गल्ली दारात, गॅलरीत उभी राहून बघत होती. मला काकांची धास्ती वाटली, कारण लोकांनी बघितलेले त्यांना कधीच नको होते. झोळी उचलली गेली, माझ्या दारावरून आत आली आणि हळूहळू सीटकडे उतरू लागली.

"लागलं का काका कुठे?" सुताराने विचारले.

"नाही लागलं. सावकाश ठेवा फक्त," काका सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले. "मीही सेकंडहँडच आहे!"

सारी गल्ली हसली. सर्वांत मोठ्याने काकाच हसले.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी जुनी सायकल किंवा शिवणयंत्र कोपऱ्यात पडले असेल. कदाचित एखादे माणूसही खिडकीशी बसले असेल. त्यांना जपा, पण जपायचे म्हणून बंद करून ठेवू नका. तेल घाला, हात द्या, बाहेर घेऊन जा. ओरखडे पडतील, पावसात भिजायला होईल, ते सोसता येते. एकोणीस वर्षे नुसते उभे राहणे मात्र मला सोसले नव्हते.

बरे, आता थांबते. काकांचा पट्टा लावून झाला आहे, ते "हळू घे" म्हणाले आहेत आणि ताईंनी ते ऐकलेले नाही.