समोरची तलवार

बोलतेय ती मी एक तलवार आहे, पण लगेच हात जोडू नका. माझ्या वाट्याला कुठली लढाई आलेली नाही. मला धार नाही, टोकावर रबरी टोपण बसवलंय, आणि माझा मुक्काम हिंगणघाटात, एका घराच्या मागच्या खोलीत, कुलरच्या आडोशाला असतो.

उत्तरेकडच्या एका कारखान्यात मी घडले. तिथं हौशी लोकांसाठी जुन्या घाटाच्या बोथट तलवारी बनतात. तीन-चारशे वर्षांपूर्वी इटलीत लोक जी लांब, सरळ, सडपातळ तलवार घेऊन एकमेकांसमोर उभे राहत, तशी मी आहे. मुठीभोवती लोखंडी कड्यांचा पिंजरा, आणि काम कापायचं नव्हे, टोक खुपसायचं. घडताना काय वाटलं असं विचाराल तर काही नाही. तापवलं, ठोकलं, गार केलं, खोक्यात घातलं.

पुण्यात प्रेरणा नावाच्या मुलीनं आम्हाला घेतलं. आम्ही दोघी होतो. एक तिची स्वतःची, आणि दुसरी मी, म्हणजे तिच्यासमोर जो कोणी उभा राहील त्याच्यासाठी. नोकरी सांभाळून ती एका मंडळात ही जुनी इटालियन विद्या शिकायची. मला धरणारा हात दर वेळी बदलायचा. कोणी घामट, कोणी घाबरट, कोणी मला लाटण्यासारखं धरणारा. सवय अशी मला कोणाचीच लागली नाही.

प्रेरणाचा बचाव चांगला होता. हल्ला मात्र तिला जमत नव्हता. तिचे सर पुन्हापुन्हा एकच सांगायचे. आधी समोरच्याची तलवार आपल्या तलवारीखाली घ्यायची, मग हात लांब करायचा, मग अंग झुकवायचं, आणि पाय सगळ्यात शेवटी. प्रेरणाचा पाय आधी पडायचा. हात मागेच राहायचा, आणि तेवढ्यात समोरचा मोकळा होऊन तिलाच टोचून जायचा. असं झालं की ती मुखवटा काढून स्वतःवरच चिडायची.

दिवाळीच्या सुट्टीत तिचे बाबा वासुदेवराव गेले. अल्लीपूरच्या शाळेत मास्तर होते. सकाळचा चहा अर्धा झाला होता, तो तसाच राहिला. प्रेरणा हिंगणघाटला आली ती सामानसुमानासकट आली, म्हणून मीही आले. कंपनीनं तिला काही महिने घरून काम करायची मुभा दिली.

तिच्या आईला, प्रमिलाबाईंना, मी पहिल्यांदा पाहिलं ते अशा वेळी. ही बाई पूर्वी फार बोलकी होती म्हणे. भाजीवाल्याशी हुज्जत घालून कोथिंबीर फुकट आणायची, शाळेच्या गॅदरिंगमध्ये नवऱ्याच्या भाषणातल्या चुका घरी येऊन काढायची. ती बाई मी पाहिलेली नाही. मी पाहिली ती जेव म्हटलं की जेवणारी, झोप म्हटलं की आडवी होणारी. रडली नव्हती. बुद्धवंदनेला सगळ्यांबरोबर हात जोडायची, ओठही हलायचे, आवाज यायचा नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि तिला हलतं ठेवा म्हणाले.

म्हणून एका संध्याकाळी प्रेरणानं मला आईच्या हातात दिलं.

"आई, हे धर. माह्यासमोर फक्त उभी राह्य."

प्रमिलाबाईंनी मला धरलं. मॅक्सीवर जाड जाकीट चढवलं, जाळीचा मुखवटा घातला, आणि गच्चीवर सांगितलं तिथं उभी राहिली. तिच्या हातात मी म्हणजे दोरीवर टाकलेलं फडकं. ना ती घाबरली, ना हसली. मला बरं वाटलं. आमचं दोघींचं जमण्यासारखं होतं.

शेजारच्या गच्चीवर भागीरथाबाई मिरच्या वाळवत होत्या. वय झालेली बाई, पण नजर तिखट.

"का वं प्रेरणा, आईले काऊन मारून राह्यली?"

"मारत नाई वो आजी. शिकून राह्यली."

"असं शिकणं मी तं पाह्यलं नाई कुठं," भागीरथाबाई म्हणाल्या, आणि तिथंच स्टूल घेऊन बसल्या.

मग रोजचंच झालं. जिनिंग मिलकडून उडून आलेले कापसाचे पुंजके गच्चीच्या कोपऱ्यात गोळा व्हायचे, आणि आम्ही समोरासमोर उभ्या. प्रेरणाला मोठ्यानं बोलत शिकायची सवय. "हे बघ, आता मी तुही तलवार दाबली. माह्या मुठीजवळचा भाग मजबूत, तुह्या टोकाकडचा कच्चा. आता तुले इकडून रस्ता नाई. आता माहा हात. आता अंग. आता पाय." आणि माझ्या बाजूनं येऊन तिचं टोक आईच्या छातीवर टेकायचं. आई हलायची नाही.

कधी ती उलटी बाजूही सांगायची. "मी दाबाले आली की तू टोक खाली सोडायचं, माह्या मुठीच्या खालून काढायचं आणि दुसऱ्या बाजूनं सरळ आत. याले कावात्सिओने म्हणतात. कर न आई."

आई करायची नाही. नको असंही म्हणायची नाही. माझं टोक होतं तिथंच राहायचं.

गोची अशी की न हलणाऱ्या माणसावर हल्ला शिकता येत नाही. या विद्येत समोरचा हलतो तीच तुमची वेळ. त्यानं पाऊल टाकलं, मनगट वळवलं, की तेवढ्यात तुम्ही आत जायचं. प्रमिलाबाई कसलीच वेळ देत नव्हत्या. प्रेरणा थांबायची, वाट बघायची, शेवटी कंटाळून पाय आधी टाकायची. ती चूक दाखवून द्यायलाही समोर कोणी नव्हतं.

उन्हाळा चढायला लागला तेव्हा कंपनीचा निरोप आला. घरून काम बंद, पुण्याला हजर व्हा. प्रेरणानं जेवताना आईला विचारलं. मी तेव्हा कुलरला टेकून होते, सगळं ऐकलं.

"आपण दोघी पुण्याले जाऊ?"

"तू म्हणशीन तसं."

"घर भाड्यानं देऊ?"

"दे."

"बाबाचे शर्ट वाटून टाकू?"

"टाक."

प्रेरणाचा घास हातातच राहिला. "आई, एखाद्या गोष्टीले तरी नाई म्हण न. मले भेव वाटून राह्यलं. मी तुले पुण्याले नेईन आणि तू तिथं अशीच बसशीन. एकडाव नाई म्हण, मंग तू म्हणशीन ते करतो."

प्रमिलाबाईंनी भाताचा शेवटचा घास खाल्ला, ताट उचललं आणि धुवायला गेल्या. त्या रात्री पोरगी बराच वेळ मोरीजवळ उभी होती. मला वाईट वाटलं असं म्हणायला हवं, पण खोटं कशाला सांगू.

निघायच्या आदल्या संध्याकाळी प्रेरणा पुन्हा गच्चीवर आली. खाली गाठोडी बांधून झाली होती. भागीरथाबाई कठड्याला टेकून होत्या. प्रेरणाच्या मागोमाग आई जिना चढून आली आणि आपल्या जागी उभी राहिली.

प्रेरणाचं मन कशातच नव्हतं. तोंड चालूच होतं. "उद्या सकाळी गाडी येईन. किल्ली भागीरथाआजीकडं देऊ. शर्टचं गाठोडं जाता जाता देऊन टाकू." बोलता बोलताच तिनं माझ्या पात्यावर आपलं पातं ठेवलं आणि दाबलं. आणि पाय पुढे टाकला. हात मागेच होता.

मी सुटले. मला काही कळायच्या आत मुठीवरची बोटं आवळली, माझं टोक खाली गेलं, प्रेरणाच्या मुठीखालून निघालं आणि दुसऱ्या बाजूनं वर आलं. आधी हात लांब झाला, मग अंग झुकलं. पाय शेवटी पडला, चप्पल निसटून मागे राहिली. माझं पातं कमानीसारखं वाकलं, कारण टोक प्रेरणाच्या छातीवर रुतलं होतं.

भागीरथाबाईंनी कपाळावर हात नेला.

मुखवट्याच्या आतून प्रमिलाबाई म्हणाल्या, "पाय आधी टाकला तू."

प्रेरणानं छातीवर रुतलेल्या टोकाकडं पाहिलं.

"कितीडाव सांगतं तू सोताच, हात आधी, हात आधी. मंग करत काऊन नाई?" आईला धाप लागली होती. "आणि मी येत नाई पुण्याले. शर्टही कोणाले द्यायचे नाई. माहं घर हाये हे."

प्रेरणा तिथंच खाली बसली. हसत होती की रडत होती, जाळीमुळे दिसलं नाही. मग म्हणाली, "बरं."

सकाळी ती आपली तलवार घेऊन एकटीच निघाली. मला आईकडं ठेवलं. "पोचली की फोन करजो," प्रमिलाबाई म्हणाल्या, आणि गाडी वळेपर्यंत फाटकात उभ्या राहिल्या. मग घरात येऊन शर्टांचं गाठोडं सोडलं आणि रडल्या. दिवाळीपासूनचं राहिलेलं सगळं रडल्या. भागीरथाबाई येऊन जवळ बसल्या. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला, दुसरं काही केलं नाही.

तेव्हापासून रोज संध्याकाळी आई मला वर नेते. जाकीट घालते, मुखवटा घालते, आणि हवेवर हल्ला करते. हात, अंग, पाय. चुकत नाही. भागीरथाबाईंना तिनं विचारून पाहिलं, पण त्या म्हणाल्या, गुडघे राह्यले नाई वं बाई. समोर कोणी नसलं की माझं टोक कुठंच टेकत नाही. ती थोडा वेळ तशीच पुढे झुकलेली राहते, मग चप्पल शोधते.

खाली आलो की फोन वाजतो. प्रेरणा रोज एकच विचारते, "आई, एकटं वाटते का?"

प्रमिलाबाई म्हणतात, "नाई."

पोरीला त्या 'नाई'चंच कौतुक. महिनोन्महिने मागून मिळालेलं आहे ते. ती समाधानानं फोन ठेवते. मी बोथट आहे, मला फारसं काही कळत नाही, पण ही बाई फोन ठेवल्यावर कुठे बघत बसते ते मला दिसतं. पुण्यात तुमची कोणाची प्रेरणाशी गाठ पडली तर माझं एवढं काम करा. तिला सांगा, गच्चीवरची 'नाई' खरी होती. फोनवरची खोटी आहे.