मावशींची माफी

आमच्या चर्चच्या पाळकांना पिक्चर काढायची हौस आली आणि ती माझ्या मानेवर बसली. पाळक म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ, तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती. लग्नांचे व्हिडिओ जोडून पोट भरणारा मी, एकदम प्रभूच्या कामाला लागलो.

गोष्ट सरळ होती. मंत्री प्रार्थनाघर पाडतो, आडव्या आलेल्या पोराला तुरुंगात टाकतो आणि शेवटी त्या पोराची आई मंत्र्याला माफ करते. मंत्र्याचं काम एका विमा एजंटाने केलं, आणि फार वाईट केलं. आई मात्र अस्सल होती. चर्चची झाडलोट करणाऱ्या मावशींचा मुलगा असाच, आमचं एक प्रार्थनाघर पाडलं तेव्हा आडवा आला म्हणून, चौदा महिन्यांपासून आत होता. मेव्हण्यांचा बेत असा, की पहिल्या खेळाला खऱ्या मंत्रीसाहेबांना बोलवायचं. मावशींना पडद्यावर बघून त्यांना पाझर फुटेल आणि मुलगा सुटेल. मावशी कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या त्या एवढ्यासाठीच.

नट परवडत नव्हते, म्हणून संवाद पाठ करायचे नाहीत, रविवारी चर्चमध्ये साक्ष देतात तसं मनातलं बोलायचं, असा मेव्हण्यांचा नियम. मावशी बोलल्या, "साहेब, आधी माझा लेक घरी पाठवा. तो उंबऱ्यात आला, की मी तुम्हाला माफ करते. देवासमोर सांगते."

मेव्हण्यांच्या कपाळाला आठ्या.

"क्षमेला अट नसते," ते म्हणाले. "वधस्तंभावरून माफ करताना प्रभूने अट घातली होती का? पुढचं-मागचं काप."

"दादा, तिच्या मनात तेच आहे."

"मग मन चुकतंय तिचं."

कापलं. 'मी तुम्हाला माफ करते' एवढंच उरलं, त्याखाली ऑर्गन लावला. डिस्क एकच, तीही भरलेली, म्हणून बाकीचं पुसून टाकलं.

खेळाला साहेब आले आणि चक्क रडले. मंचावर त्यांनी मावशींपुढे हात जोडले.

"मग लेक कधी येतो?" मावशींनी विचारलं.

साहेबांनी माईक बाजूला धरला. "आई, तुम्ही तर काही न मागता माफ केलंत. मुलाचं आता कोर्ट बघेल."

आठवड्याभरात गावभर मावशींचा चेहरा लागला. वर साहेबांचं निवडणुकीचं चिन्ह, खाली 'आईने माफ केलं'.

मग एका सकाळी मावशी माझ्या खोलीत आल्या, केरसुणी हातातच. "तुरुंगात गेले तरी पोरगा भेटायला बाहेर येत नाही. निरोप पाठवलाय, फुकटात विकलंस मला. माझं ते बोलणं जरा दाखव रे, म्हणजे त्याला नीट सांगता येईल. आधी पाठवा, असं म्हटलं होतं ना मी?"

मेव्हणे दारात उभे होते. साहेबांनी नव्या प्रार्थनाघराला जागा दिली होती, तिचा नकाशा त्यांच्या हातात होता. ते माझ्याकडे बघत राहिले.

"आठवत नाही, मावशी," मी म्हटलं. लाज वाटली, पण म्हटलं.

त्यांनी बराच वेळ आठवून पाहिलं.

"मग नसेल म्हटलं मी," त्या म्हणाल्या. "त्याला तसंच कळवते."