एक शब्दही बोलली नाही

"मावशी, एक वाक्य झालं की थांबत जा हो. तुम्ही सुसाट सुटता आणि मी मागे धापा टाकत राहतो," गाडी चालवता चालवता फादर म्हणाले.

"मी कसली सुसाट? अडखळता तुम्हीच," मी म्हटलं. "आणि तेही स्वतःच्या भाषेत! तिकडे पेशंटच्या नातेवाइकांना झापता तेव्हा बरे शब्द सापडतात."

फादर कसनुसे हसले. खरं तेच होतं. आदल्या दिवशी, पहिल्याच संध्याकाळी, हॉल माणसांनी भरलेला आणि फादर 'ताप' या शब्दापाशी अडून बसले. त्यांच्या आईच्या भाषेतला शब्द त्यांना आठवेना. शेवटी स्वतःच्या कपाळावर हात टेकवून दाखवला, तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका आजींनी तो पुरवला. अख्खं तारुण्य आमच्या डोंगरातल्या दवाखान्यात डॉक्टरकी करत घालवलं की असंच व्हायचं. आमच्याकडे लोक त्यांना परका म्हणतात आणि इथे त्यांच्याच देशात दुकानदार त्यांना विचारतात, तुम्ही कुठले?

फादर माझ्यापेक्षा चांगले मोठे आहेत. पण सगळा दवाखाना मला मावशी म्हणतो, म्हणून तेही म्हणतात. मी तिथली आया. चादरी बदलते, बाळंतिणींना धीर देते, रडणाऱ्यांना रडू देते. दवाखान्याला पेशंट आणायला गाडी नाही, आणि गाडी द्यायची ऐपत फक्त फादरांच्या देशातल्या मंडळींची. "मी एकट्यानं सांगितलं तर जांभया देतात," फादर म्हणाले होते, "तुम्ही याल का?" मी हो म्हटलं. आठवडाभर रोज नवं गाव, रोज नवा हॉल. मी माइकपाशी उभी राहून आमच्या भाषेत सांगायचं की माझी मुलगी कशी गेली. फादरांनी ते त्यांच्या भाषेत सांगायचं.

"माझी मुलगी सहा वर्षांची होती." मग फादर.

"तिला ताप भरला. गावात एकही वाहन नव्हतं." मग फादर.

"तिच्या बाबांनी तिला खांद्यावर घेतलं. मी मागून धावत होते." मग फादर.

"वाटभर ती एक शब्दही बोलली नाही." मग फादर, आणि हॉलमध्ये एकदम सुस्कारा.

"दवाखान्याच्या फाटकाशी पोचलो तेव्हा ती गेलेली होती." हे सांगताना फादरांचा आवाज खाली यायचा, कारण ते फाटक त्यांनीच उघडलं होतं.

एवढंच. सोमवारी मला पुढे बोलताच येईना. ढसाढसा रडले. मंगळवारी रडले, पण वाक्यं पूर्ण केली. हॉलमधल्या बायका येऊन माझे हात हातात घ्यायच्या, काहीबाही बोलायच्या. फादर म्हणायचे, "त्या म्हणतायत, वाईट वाटलं." इतक्या लांबलचक बोलण्याचं एवढंसं भाषांतर! पण चेहऱ्यावरून कळत होतं. माणसं खरंच चांगली होती.

बुधवारी फादरांच्या धाकट्या बहिणीकडे जेवायला गेलो. तीही आता पिकल्या केसांची. तिनं दारातच भावाला आपादमस्तक न्याहाळलं आणि माझ्याकडे वळून काहीतरी फाडकन विचारलं.

फादर लाजले. "ती विचारतेय, हा तिथे नीट जेवतो का."

"सांगा तिला, ताट वाढलं की जेवतो. पण कोणी गप्पा मारायला आलं की ताट तसंच. मग माश्यांची चंगळ. मीच ओरडते तेव्हा दोन घास घशाखाली जातात."

फादरांनी दोन शब्दांत आटपलं. बहीण मुळीच फसली नाही. ती मला हातवारे करून म्हणाली, तू एवढं बोललीस आणि यानं एवढंसंच सांगितलं? आम्ही दोघी हसत सुटलो. बिचारे फादर मधे बसून स्वतःबद्दलच्याच तक्रारी इकडून तिकडे पोचवत होते. शर्टाची बटणं, छत्री हरवणं, खोकला अंगावर काढणं, काही म्हणून सुटलं नाही.

मग बहिणीनं भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. म्हाताऱ्या बाईचा फोटो, नाक हुबेहूब फादरांचं. तिनं मला एक प्रश्न विचारला. हळू विचारला.

फादर पाण्याचा ग्लास फिरवत राहिले. "ती म्हणतेय," शेवटी ते म्हणाले, "अजून थोडं घ्या."

माझी पानावर नजर गेली. ते भरलेलंच होतं. बहिणीनं पुन्हा फोटोकडे बोट केलं, मग भावाकडे, मग एक बोट स्वतःच्या डोळ्याखालून गालावर ओढलं. आई गेली तेव्हा हा रडला का? याला भाषांतर कशाला लागतं? आई गेल्याची तार आली तेव्हा फादर निघू शकले नव्हते. दवाखान्यात साथ चालली होती. दिवसभर पेशंट तपासले आणि संध्याकाळी बाटल्या धुवायच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मी चहा घेऊन गेले, तर नळ नुसता वाहत होता, आणि नळाच्या आवाजाआडही ऐकू यायचं ते आलंच. मी चहा दाराशी ठेवून परत फिरले. हे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

मी बहिणीकडे पाहून मान हलवली. हो, रडला.

तिनं डोळे मिटले आणि टेबलावर माझा हात घट्ट धरला. किती वर्षं ती या एका गोष्टीवरून भावावर रुसून बसली होती, देव जाणे. फादरांनी वर पाहिलंच नाही.

गुरुवारचं मात्र मला अजून आठवलं की अंगावर काटा येतो. मी बोलत होते. "वाटभर ती एक शब्दही बोलली नाही," म्हणाले आणि थांबले. फादरांसाठी थांबायचं तेवढंच नाही, अंमळ जास्त थांबले. कारण मला माहीत झालं होतं की इथे रुमाल निघतात. फादरांच्या भाषेतलं ते वाक्यही मला आवाजानं पाठ झालं होतं. तर मी थांबले, रुमाल निघाले, आणि मी मनात म्हटलं, निघाले. डोळ्यांत माझ्या टिपूस नव्हता.

त्या रात्री मी अंथरुणात बसून पोरीचा आवाज आठवायला लागले. येईना. नुसती हॉलमधली वाक्यं येत होती, एकामागून एक, शिस्तीत. माझी पोर! तिला सगळे टकळी म्हणायचे. उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडाला खीळ नाही. अशा पोरीची मी जगभर काय कीर्ती करत फिरत होते, तर ती एक शब्दही बोलली नाही.

शुक्रवारच्या गावात देणगी देणाऱ्या मंडळींचा कार्यवाह आला होता, मोठा नीटनेटका माणूस. कार्यक्रम झाल्यावर फादरांना बाजूला घेऊन बोलत होता. फादरांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"काही नाही."

"फादर, अजून थोडं घ्या म्हणतोय का?"

फादर ओशाळले. "तो म्हणतो, सोमवारचं फार चांगलं झालं असं त्यानं ऐकलंय. आज तुम्ही जरा... कोरड्या वाटलात. विचारतोय, मुलगी शेवटी काहीच बोलली नाही का? काही बोलली असेल तर तेही सांगावं. रविवारचा हॉल सगळ्यात मोठा आहे. गाडीचं तिथेच ठरणार."

"नाही," मी म्हटलं. "काही नाही बोलली."

फादरांनी माझ्याकडे पाहिलं. माणसाची नाडी धरून आयुष्य गेलेला माणूस तो. पण पुढे काही विचारलं नाही.

शनिवार सुट्टीचा. दिवसभर पाहुण्यांच्या खोलीत खिडकीशी बसून होते. गाडी तर हवीच होती. माझ्यासारखी आणखी एखादी आई फाटकाशी पोचू नये म्हणून तर मी एवढी लांब आले होते. पण देण्यासारखं होतं ते सगळं देऊन झालं होतं. उरलं होतं ते एकच, आणि तेही दिलं तर पोरीचं माझ्यापाशी काय राहणार? सोमवारी रुमाल, मंगळवारी रुमाल, आणि पुढच्या गुरुवारी तेही कोरडं ठाक.

रविवारचा हॉल खरंच प्रचंड होता. कार्यवाह पहिल्या रांगेत. मी माइकपाशी गेले, फादर शेजारी उभे राहिले. समोर एवढी माणसं, आणि माझी भाषा समजणारा त्यात एकच. हे माझ्या तेव्हा डोक्यात आलं. आठवडाभर कसं आलं नाही कोण जाणे.

"माझ्या मुलीला बसचा कंडक्टर व्हायचं होतं," मी म्हणाले.

फादर दचकले. माझ्याकडे पाहिलं. मग हॉलकडे वळून त्यांच्या भाषेत म्हणाले, माझी मुलगी सहा वर्षांची होती. आवाज माझ्या ओळखीचेच होते.

"खांद्याला पिशवी अडकवायची. पिशवीत झाडाची पानं. पानाला नखानं भोक पाडलं की झालं तिकीट. तिकिटाशिवाय घरात कोणाला पाऊल टाकू द्यायची नाही. सासूबाईंना दिवसातून चार वेळा मोरीत जायला तिकीट काढावं लागायचं. त्या शिव्या द्यायच्या, पण काढायच्या."

तिला ताप भरला, फादर म्हणाले. या वेळी शब्दाला अडले नाहीत. गावात एकही वाहन नव्हतं.

"एकदा तिच्या बाबांनी चेष्टेनं विचारलं, बाई, मला अर्धं तिकीट चालेल का? तर म्हणते कशी, अर्धे पाय बाहेर ठेवा मग."

फादरांचा ओठ हलला. हसू होतं ते, मी पाहिलं. तिच्या बाबांनी तिला खांद्यावर घेतलं, ते म्हणाले, आणि आवाज नको तिथे फुटला. पहिल्या रांगेत रुमाल निघाले.

आता मला तिचा आवाज ऐकू येत होता. जरा घोगरा, हुकूम सोडणारा. मी माइक घट्ट धरला.

"त्या दिवशी बाबांच्या खांद्यावर ती मधेच जागी झाली. म्हणाली, बाबा, तिकीट घ्या. ते म्हणाले, थांब गं राणी, पोचल्यावर घेतो. तिनं पुन्हा म्हटलं, तिकीट घ्या ना. ते पळत होते, हात कुठला मोकळा? मग ती गप्प झाली. तिच्या बाबांना ते मरेपर्यंत डाचलं. आम्ही दोघं सोडून हे कोणाला माहीत नाही."

हॉल वाट पाहत होता. कार्यवाह पुढे झुकून बसला होता. फादर हॉलकडे वळले. मला वाटलं, आता सांगतात. गाडीचा प्रश्न होता, आणि त्यांनी तरी दवाखान्यासाठी आयुष्यात दुसरं काय मागितलं?

मग ते वाक्य आलं. मला पाठ असलेलं, शब्दन् शब्द तेच. वाटभर ती एक शब्दही बोलली नाही.

सगळ्या हॉलमधून सुस्कारा उठला. फादर डोळे पुसत होते आणि मी हमसून हमसून रडत होते.

कार्यवाहानं बाहेर येऊन आमचे हात हलवले. गाडी मिळेल म्हणाला. आजचं सगळ्यात चांगलं झालं म्हणाला. फादरांनी यातला एकेक शब्द नीट भाषांतर करून सांगितला.

आम्ही गाडीत बसलो. फादरांनी किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"मावशी," ते आमच्या भाषेत म्हणाले, "फाटकाशी मी तिला तुमच्या यजमानांकडून घेतलं ना, तेव्हा तिची मूठ मिटलेली होती. नाडी बघायला मी ती उघडली. आत एक पान होतं. मला वाटलं, वाटेतल्या झाडाचं अडकलं असेल." ते थांबले. "मी ते टाकून दिलं."

मी समोरच्या काचेकडे बघत होते. माणसं आपापल्या गाड्यांकडे चालली होती.

"भोक होतं का त्याला?" मी विचारलं.

फादरांनी डोळे मिटून घेतले. खूप मागचं काही शोधत असल्यासारखे बसले.

"होतं," ते म्हणाले. "मधोमध."

"मग फाडून तयार ठेवलं होतं तिनं," मी म्हटलं. "तुम्ही घेतलंत ते, फादर."

हॉलमधले दिवे एकेक करून विझत गेले. किल्ली तशीच होती, आणि ती फिरवायची आम्हाला दोघांनाही घाई नव्हती.