घाईचा खण

मी एक जुना लाकडी खण आहे. मित्रांनो, खण म्हटले की तुम्हाला मोजे, दोऱ्याची रिळे आणि टोक तुटलेल्या पेन्सिली आठवत असतील. माझ्या पोटात तसले काही नव्हते. माझ्या पोटात शब्द होते. खरे म्हणजे एकच शब्द आणि त्याची सारी भावंडे. तो शब्द म्हणजे ‘घाई’. आता तुम्हीच सांगा, ज्याच्या पोटात दिवसरात्र घाई भरलेली आहे त्याने स्वस्थ कसे बसावे?

तसा मी जन्मापासूनच चुळबुळ्या. ज्या सुताराने आमचे कपाट घडवले, त्याला त्या दिवशी चारची गाडी गाठायची होती. बाकीचे एकोणसाठ खण त्याने रंधा मारून, हात फिरवून, पुन्हा पुन्हा सरकवून पाहिले. मी शेवटचा होतो. माझ्या मागच्या फळीला त्याने कसेबसे दोन खिळे ठोकले, “चालतंय की!” म्हणाला आणि पिशवी उचलून जिना उतरला. तेव्हापासून मी उघडताना अडतो आणि मिटताना कुरकुरतो. शेजारचा ‘घर’ शब्दाचा खण किती शहाणा! एका बोटाने सरकायचा. मला मात्र गुडघा लावावा लागे.

आमचे कपाट एका शब्दकोशाच्या कार्यालयात होते. कार्यालय म्हणजे खाली दोन खोल्या, वर एक खोली आणि जिन्याखाली टेलिफोन. वरच्या खोलीत संपादक बसत. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. खालच्या पहिल्या खोलीत टाइपिस्टताई होत्या. आणि आमच्या खोलीत, खिडकीपाशी, सावकाशकाका. हे नाव त्यांना कुणी ठेवले कोण जाणे, पण ठेवणाऱ्याची नजर चांगली होती. काका एक पेन्सिल तासायला बसले की बाहेर उन्हाची जागा बदलायची. मोठ्या बाईंनी ‘घाई’ हा शब्द नेमका त्यांनाच दिला होता. त्या म्हणायच्या, “घाईतल्या माणसाला घाई दिसत नाही. तुम्हीच बघा हा शब्द.”

कामाची रीत मोठी छान होती. नर्स, बसचे कंडक्टर, शिक्षक, दुकानदार अशी कितीतरी माणसे कानावर पडलेली वाक्ये आम्हाला पाठवत. एका वाक्याला एक कार्ड. वाक्य बोलले तसेच्या तसे लिहायचे, त्यात एक अक्षरही घालायचे नाही की गाळायचे नाही. खालच्या कोपऱ्यात कोण बोलले, कुठे आणि केव्हा, ते बारीक अक्षरात लिहायचे. मग काका ते कार्ड वाचत, शब्दाखाली लाल रेघ ओढत आणि माझ्यात लावून ठेवत.

काय काय होते माझ्याकडे! “घाई करू नका, गाडी थांबलीय,” हे कंडक्टरचे. “बाई, घाईची लागलीय!” हे पहिलीतल्या मुलीचे, आणि त्यावर काका इतके हसले की त्यांचा चष्मा माझ्यात पडला. त्यांच्यामुळे मला समजले की ही भावंडे दिसायला सारखी असली तरी स्वभावाने निरनिराळी आहेत. पाहुणे येणार म्हणून आनंदाने चालते ती लगबग. दहा कामे एकदम अंगावर आली की धांदल. पाहुणे दारात आणि घरात दूध नाही, म्हणजे तारांबळ. माझ्या सुताराने केली ती घिसाडघाई. त्वरा बिचारी सरकारी पत्रातच राहते, तिला घरात कुणी बोलावत नाही. लोक कोश पाहायला येत तेव्हा काका मला उघडून दाखवत. “एवढे प्रकार?” असे कुणी म्हणाले की मी अभिमानाने फुगे, आणि मग मिटता मिटत नसे.

पण छापखान्याची तारीख जवळ आली आणि मोठ्या बाईंचा धीर सुटला. एका मंगळवारी सकाळी त्यांनी काकांना वर बोलावले. त्यांचा आवाज जिन्यावरून खाली येत होता.

“सहा वर्षं झाली, काका! आता ‘घाई, पहा त्वरा’ एवढं लिहा आणि मोकळे व्हा.”

तेवढ्यात जिन्याखालचा टेलिफोन वाजला. टाइपिस्टताईंनी तो घेतला. बाहेर छापखान्याची गाडी त्यांच्यासाठी उभी होती आणि चालक भोंग्यावर भोंगे वाजवत होता. फोन ठेवल्यावर त्यांनी हाताशी आलेला कागद ओढला. आमच्याकडे कागद म्हणजे कोरे कार्डच. त्यावर त्यांनी भराभर लिहिले, वर एकदा पाहिले, पण बाईंचा चढलेला आवाज ऐकून त्या जिना चढल्या नाहीत. त्यांनी कार्ड काकांच्या टेबलावर, समोरच्या गठ्ठ्यावर ठेवले आणि छापखान्यात द्यायच्या तपासलेल्या मुद्रितांची पिशवी घेऊन त्या गेल्या.

मित्रांनो, तो गठ्ठा होता ‘तातडी’च्या कार्डांचा.

काका खाली आले. त्यांचे कान लाल झाले होते. खुर्चीत बसून त्यांनी चष्मा पुसला आणि वरचे कार्ड उचलले. त्यावर लिहिले होते, “दादाला तातडीने पाठवा. आई सारखी त्याचीच वाट बघतेय.”

ताईंना सहा वर्षांची सवय. बोलले तसेच्या तसे. ‘तुमच्या बहिणीचा फोन होता’ असे वर लिहावे, हे त्यांना सुचलेच नाही. आणि काकांनाही सहा वर्षांची सवय. हातात कार्ड आले की त्यांना त्यात आधी शब्दच दिसायचा.

“वा! काय बोलतं वाक्य आहे,” ते म्हणाले. ‘तातडीने’ खाली लाल रेघ ओढली, मला उघडले आणि ते कार्ड माझ्यात लावले.

माझी अवस्था काय सांगू! मी अडून बसलो. मिटायचेच नाही असे ठरवले. काका पुटपुटले, “आज काय झालंय याला?” आणि त्यांनी गुडघा लावला. मी मिटलो. अंधारात ते कार्ड माझ्या पोटात, आणि भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक. बारा वाजले. काकांनी डबा खाल्ला, एकेक घास चावून चावून. एक वाजला. टेलिफोन पुन्हा वाजला नाही. तिकडे बहिणीला वाटत असणार, दादा निघाला. आणि दादा माझ्यापासून हातभर अंतरावर बसून पेन्सिल तासत होता! मला ओरडता आले असते तर! आयुष्यात इतका असहाय मी कधीच झालो नाही.

दीड वाजता मोठ्या बाई स्वतः खाली आल्या. “लिहिलंत का, पहा त्वरा?”

“नाही लिहिलं,” काका म्हणाले. सावकाश माणूस, पण हट्टी. “तातडी म्हणजे त्वरा नव्हे, बाई. थांबलं तर काहीतरी कायमचं हातचं जातं, ती तातडी. आजच आलेलं वाक्य ऐका.” त्यांनी मला ओढले. मी कधी नव्हे तो एका झटक्यात उघडलो. त्यांनी कार्ड काढून मोठ्याने वाचले.

बाई टेबलाशी आल्या. “वाक्य चांगलं आहे. कुणाचं?”

काकांनी कार्ड डोळ्यांजवळ नेले आणि कोपऱ्यातले बारीक अक्षर वाचले. “धाकटी बहीण. फोनवर. आज, अकरा वाजून...”

खुर्ची मागे पडली. चष्मा टेबलावर, डबा उघडा, आणि काका दारातून धावत बाहेर. मोठ्या बाई त्यांच्या मागे ओरडत होत्या, “थांबा, मी गाडी बघते!” पण ते रस्त्याला लागले होते. बहिणीचे गाव तीन तासांवर होते.

काका महिन्याने परत आले. टाइपिस्टताई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि रडू लागल्या. “काका, माझ्यामुळे... मी वर यायला हवं होतं. आईंची भेट तरी झाली ना?”

“झाली की!” काका म्हणाले. “वेळेत पोचलो. छान बोललो आम्ही. तुम्ही निरोप अगदी नीट लिहिला होता, ताई. डोळे पुसा बघू.”

ताईंनी डोळे पुसले. त्यांच्या छातीवरचा दगड उतरला, हे मला माझ्या जागेवरून दिसले. त्या गेल्यावर काकांनी मला उघडले, खिशातले ते कार्ड काढले, ‘तातडी’च्या जागी धरले आणि पुन्हा खिशात ठेवले.

“तीन वाजेपर्यंत बोलत होती,” ते माझ्याकडे पाहत अगदी हळू म्हणाले. “मी पोचलो तेव्हा पावणेपाच झाले होते.”

कोश छापून आला. मोठ्या बाईंनी ‘घाई’ला पूर्ण दीड पान दिले आणि एकही भावंड गाळले नाही. लोकांनी वाहवा केली. पुढे संगणक आले, कार्डे उतरवून घेतली गेली, आणि आमचे कपाट मोडक्या खुर्च्यांबरोबर अडगळीच्या खोलीत गेले. आता मी रिकामा आहे. रिकामा झालो तरी शांत झालो नाही. काकांचे ते खोटे बोलणे मी इतकी वर्षे सांभाळले. आज काका नाहीत, ताईही नाहीत, म्हणून तुम्हाला सांगितले.

मित्रांनो, माझी धूळ पुसली नाही तरी चालेल. पण कुणाचा निरोप हाती आला, तर तो किती छान लिहिला आहे ते मागाहून पाहा. आधी तो कुणी पाठवला आहे ते पाहा, आणि उठा.