अण्णाच्या तोंडचं एक अक्षर

माझा थोरला भाऊ सोळा भाषा जाणतो आणि गेले आठ महिने त्याच्या तोंडून एकच अक्षर बाहेर पडतं: दा. झटका आला त्या दिवशी उजवा हात गेला, उजवा पाय निम्मा गेला आणि सोळाच्या सोळा भाषा एका दमात गेल्या. चहा पुढे केला की दा. उशी घसरली की दा. खिडकीतून माशी आत आली तरी दा. डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात मला स्वच्छ सांगितलं होतं, की यांना ऐकू येतं, समजतं, डोकं शाबूत आहे, पण बोलायला गेले की एवढंच बाहेर येणार, त्याचा अर्थ लावत बसू नका. मी कपडे शिवणारी बाई, मला ते एका वाक्यात कळलं. अण्णाच्या संस्थेतल्या विद्वानांना आठ महिन्यांत कळलं नाही. त्यांनी डॉक्टरांना कधी विचारलंच नाही. भाषेच्या बाबतीत डॉक्टरांना काय विचारायचं?

अण्णाने जन्मभर त्या संस्थेत परक्या भाषा शिकवल्या आणि घरी येऊन शब्द गोळा केले. तेही फक्त एका अक्षराचे. एका कार्डावर एक शब्द, एक भाषा, एक अर्थ. अशी कार्डं भरलेल्या खणांची सहा कपाटं आमच्या बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून उभी आहेत. समोरच्या भिंतीशी माझं शिलाई मशीन. नवरा गेला तेव्हा मी ते मशीन घेऊन अण्णाकडे आले, त्याला आता तेवीस वर्षं झाली. त्याने लग्न केलं नाही. ती कपाटं बघून कोणी केलं असतं असं मला वाटतही नाही.

गंमत म्हणजे या ‘दा’चीही कार्डं आहेत, चांगली चाळीसेक. एकदा मी कोटाला अस्तर लावत होते आणि हा खण घेऊन माझ्यासमोर बसला. रशियनमध्ये दा म्हणजे हो. जर्मनमध्ये तिथे. वेल्शमध्ये चांगलं. इटालियनमध्ये पासून. तुर्कीत दा म्हणजे ‘सुद्धा’. लॅटिनमध्ये दे. चिनीत मोठं, आणि सूर बदलला तर मारणं. बंगालीत नावाच्या शेवटी जोडलं की थोरला भाऊ. मी म्हटलं, “मग माणसाने बोलायचं तरी कसं?” तो म्हणाला, “समोर कोण आहे ते बघून.” मी दोरा तोडला आणि म्हटलं, एवढ्याशा अक्षरासाठी एवढा कागद लागतो हे मला आजच कळलं.

तर झटका आल्यावर अण्णाचे जुने विद्यार्थी, आताचे प्राध्यापक, भेटायला यायला लागले. पहिला आला तो रशियन शिकवणारा. त्याने विचारलं, “सर, बरं वाटतंय ना?” अण्णा म्हणाला, “दा.” गड्याच्या डोळ्यांत पाणी. मला बाजूला घेऊन म्हणाला, “ताई, शेवटी सरांजवळ रशियनच उरली.” दुसऱ्या आठवड्यात जर्मन शिकवणारी बाई आली. अण्णाने तिच्याकडे बघून दा म्हटलं आणि नेमकी त्याची मान कपाटांकडे वळली. झालं, बाईंनी ‘तिथे’ म्हणून अर्थ लावला आणि घरी जाऊन त्यावर टिपण लिहिलं. बंगालीवाल्याला वाटलं सर कुणालातरी दादा म्हणतायत. मी विचारलं, “कुणाला? आमच्या घरात सगळ्यात थोरला हाच.” त्यावर तो म्हणाला, हाच तर प्रश्न आहे. चिनीवाल्याने सूर चढता की उतरता हे ठरवायला अण्णाकडून सात वेळा दा म्हणवून घेतलं. सातव्यांदा तो जरा जोरात म्हणाला, तेव्हा याने वहीत लिहून घेतलं. आणखी एकदा म्हणवून घेतलं असतं तर मी कात्री घेऊन उठले असते.

मी त्यांना हसायचे. मागून नव्हे, तोंडावर हसायचे. माझ्या धंद्यात पहिल्या वर्षीच कळतं की ट्रायलच्या वेळी गिऱ्हाईक तोंडाने काय म्हणतंय त्याला अर्थ नसतो. छान बसलंय म्हणतात आणि खांदे वर गेलेले असतात. टाचण्या कुठे लावायच्या ते खांदे बघून ठरतं. या लोकांनी अख्खं आयुष्य माणसांच्या तोंडात बघण्यात घालवलं, त्यांना खांदे कुठून दिसणार?

मग एका सकाळी तिघं मिळून आले. संस्थेचे संचालक, रशियनवाला आणि जर्मनबाई. संचालकांच्या हातात छापलेला कागद होता. मी त्यांना खुर्च्या दिल्या, चहा दिला नाही.

कागदात लिहिलं होतं ते असं. सहाही कपाटं संस्थेला द्यायची. अण्णानेही तिथेच राहायला जायचं, तळमजल्यावर पाहुण्यांची खोली आहे, माणूस ठेवू, विद्यार्थी येऊन बसतील. कार्डांचं पुस्तक निघेल. संपादक म्हणून खाली संचालकांचं नाव होतं, अण्णाचं नाव आभारात.

“सरांची संमती घ्यायला आलोय,” संचालक म्हणाले. “आम्ही अगदी रीतसर जाणार आहोत, ताई. म्हणून यांना बरोबर आणलं.”

रशियनवाल्याने घसा साफ केला आणि तो सगळा कागद रशियनमध्ये अण्णाला वाचून दाखवला. शेवटी काहीतरी विचारलं. अण्णा म्हणाला, “दा.”

“निःसंदिग्ध,” रशियनवाला म्हणाला.

“मला ते जर्मन वाटलं,” जर्मनबाई म्हणाल्या, “तिथे, म्हणजे संस्थेत. अर्थ एकच होतो म्हणा.”

संचालकांनी पेनाचं टोपण काढलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं शिकून माणसं इतकी बिनडोक राहतात कशी, हा प्रश्न मला नेहमीच पडायचा, त्या दिवशी त्याचं उत्तरही नको झालं. मी मशीनवरून उठले आणि अण्णाच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिले.

“अण्णा, ही कपाटं बाहेर नेऊन पेटवून देऊ?”

“दा.”

“हे साहेब संचालक व्हायच्या लायकीचे आहेत?”

“दा.”

“नाहीत ना?”

“दा.”

जर्मनबाई पायाखालच्या फरशीकडे बघायला लागल्या. संचालकांचं टोपण हातातच राहिलं. फक्त रशियनवाला जागचा हलला नाही.

“पण ताई,” तो म्हणाला, “तुम्ही रशियनमध्ये विचारलं नाहीत.”

मी त्यांना शांतपणे सांगितलं, लहान मुलांना सांगतात तसं. बोलण्याचे व्यायाम घ्यायला एक मुलगी आमच्याकडे आठवड्यातून दोनदा येते. तिने आम्हाला रीत घालून दिली आहे. अण्णाचा डावा हात चांगला आहे. तो माझ्या हातात घ्यायचा. हो असेल तर त्याने एकदा दाबायचं, नाही असेल तर दोनदा. आणि प्रत्येक प्रश्न दोन बाजूंनी विचारायचा, एकदा सरळ, एकदा उलटा. चहा हवा? मग, चहा नको? दोन्हीकडून उत्तर जुळलं तरच ते खरं धरायचं, नाहीतर हाताला नुसती सवय लागलेली असते. त्या मुलीचं वय चोवीस आहे आणि तिला एकच भाषा येते.

“हे थोडं अशास्त्रीय नाही का?” संचालक म्हणाले.

“बघा तर खरं,” मी म्हटलं.

खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. या तिघांना माझ्या घरातून मान खाली घालून जाताना बघायची मला घाई झाली होती. मी स्टूल ओढून अण्णाजवळ बसले आणि त्याचा हात हातात घेतला.

“अण्णा, कपाटं संस्थेला द्यायची?”

त्याने एकदा दाबलं.

मी उलटा प्रश्न विचारला. “कपाटं इथेच ठेवायची?”

दोनदा.

तिघंही पुढे वाकून आमचे हात बघत होते. मला लागलं थोडं, पण मी म्हटलं असू दे, कार्डं त्याची, त्याची माणसं मूर्ख असली तरी त्याचीच. पुढचा प्रश्न मी मोठ्याने विचारला, सगळ्यांना नीट ऐकू जावा म्हणून.

“आणि तुला यांच्याबरोबर तिथे राहायला जायचंय?”

एकदा. जोरात.

मला वाटलं हाताला सवय लागली. तेवढ्याचसाठी तर रीत आहे. “तुला इथे राहायचंय? माझ्याजवळ?”

तो माझ्याकडे बघत होता. हात थोडा वेळ नुसताच राहिला. मग त्याने दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. तोंडाने “दा” म्हणाला.

मी परत विचारलं. शब्द बदलून विचारलं. चार वेळा विचारलं. कधी सरळ, कधी उलटं. दर वेळी उत्तर जुळलं. चिनीवाल्याने सात वेळा दा म्हणवून घेतलं तेव्हा मी त्याला काय काय बोलले होते, ते मला चौथ्या वेळी आठवलं आणि मी थांबले.

आठ महिन्यांत मी अण्णाला सगळं विचारलं होतं. चहा हवा का, उशी उंच करू का, पंखा लावू का, आंघोळ आज की उद्या. आणि सगळं सरळ-उलटं विचारलं होतं. हा एक प्रश्न मात्र कधी विचारला नव्हता, कारण त्याचं उत्तर मला माहीत होतं. भेटायला येणाऱ्यांना मीच सांगायचे, अण्णा दमलाय, आता जा. अण्णाला तुमच्या गप्पांचा कंटाळा येतो. अण्णाला माझ्या मशीनचा आवाज ऐकत पडायला आवडतं. तो शेजारी खुर्चीत बसून दा म्हणायचा आणि मी म्हणायचे, बघा. मला त्या तिघांचा राग आला, मग अण्णाचा आला, आणि मग एवढी लाज वाटली की तोंड कुठे लपवू असं झालं.

“म्हणजे आम्ही म्हणत होतो तेच निघालं,” रशियनवाला म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर नुसता आनंद होता. या माणसाला आजही कळलेलं नाही की उत्तर त्या ‘दा’ने नव्हे, हाताने दिलं होतं.

संचालकांनी कागद माझ्या मांडीवर ठेवला. “मग अंगठा घेऊ या?”

“थांबा,” मी म्हटलं. “अण्णा, पुस्तकावर या साहेबांचं नाव टाकायचं?”

दोनदा.

“तुझं टाकायचं?”

एकदा.

“फक्त तुझं?”

एकदा, आणि त्याची बोटं माझ्या हातात तशीच आवळून राहिली. मी संचालकांना म्हटलं, “खोडा.” ते म्हणाले, हा तपशील नंतर बसून ठरवता येईल. मी म्हटलं, “तुम्हीच म्हणालात ना, अगदी रीतसर. खोडा.” त्यांनी जर्मनबाईंकडे बघितलं. जर्मनबाईंनी पर्समधून स्वतःचं पेन काढून त्यांच्यापुढे धरलं, तेव्हा त्या मला पहिल्यांदा माणसासारख्या वाटल्या. संचालकांनी आपलं नाव इतकं हळू खोडलं, की वाटावं एकेक अक्षर दुखतंय.

मग अंगठा झाला. गाडी बाहेरच उभी होती, कपाटं उद्या नेणार होते, पण अण्णाला आजच नेता येईल, खोली तयार आहे, असं संचालक म्हणाले. मी अण्णाला विचारलं, आज? एकदा. उद्या? दोनदा. तिघं गाडीकडे गेले. रशियनवाला खुर्ची कशी उचलायची ते ड्रायव्हरला समजावत होता, त्यातही त्याला काही कळत नव्हतं.

खोलीत आम्ही दोघंच उरलो. मशीनवर कुणाचातरी अर्धवट कोट पडला होता. अण्णाचा हात अजून माझ्या हातात होता आणि मला दुसरं काही सुचेना.

“माझ्यावर रागावून चाललास का?” मी विचारलं.

त्याने दोनदा दाबलं.

रीतीप्रमाणे आता उलटा प्रश्न विचारायला हवा होता. मी त्याचा हात सोडला आणि त्याचे सदरे काढायला आत गेले.