माझ्या तळाची सात भोके

मी एक जुनी होडी आहे. आपली कथा सांगताना 'मित्रांनो' म्हणण्याची रीत आहे, म्हणून मीही म्हणते. मित्रांनो! झाले, म्हटले. पण आपली मैत्री नाही, हे आधीच सांगून टाकते. तुमच्या आईबापांनी आणि काका-मावश्यांनी माझे काय केले ते ऐका, मग मैत्रीचे बघू.

माझा जन्म नदीकाठच्या एका सुताराच्या छपराखाली झाला. सुतार भारी तुसडा माणूस. "होडी कधी होणार?" असे कोणी विचारले की तो म्हणायचा, "तुला बुडायची घाई आहे का?" त्याने जाड फळ्या वाफेवर वाकवल्या, तांब्याचे खिळे ठोकले, फटीफटीत कापसाची वात दाबून बसवली आणि वर कढत डांबर ओतले. मग मला ठोकळ्यांवर ठेवून काठोकाठ पाण्याने भरले आणि माझ्या खाली पाट टाकून तो दिवसभर बसून राहिला. त्याच्या टकलावर एक थेंबही पडला नाही. "जा आता. कोणाला बुडवू नकोस," एवढाच त्याचा आशीर्वाद. त्याचा तुसडेपणा मात्र डांबरातून माझ्यात उतरला असावा.

मला एका नावाड्याने घेतले. त्याच्या हाताखाली मी पुष्कळ वर्षे नदी ओलांडली. माणसे नेली, धान्याची पोती नेली, बाळंतिणी नेल्या. एकदा एक म्हैस नेली, तिने मधोमध बसकण मारली आणि पैलतीर आला तरी उठेना. तुमच्यासारखी पोरे माझ्या काठावर खिळ्याने आपापली नावे कोरायची आणि नावाडी पाठीत धपाटा घालून त्यांना उतरवायचा. मला तो आवडायचा. मी हे आज कोणाला सांगत नाही, तुम्हाला चुकून सांगितले.

तेव्हा नदी मोकळी होती आणि अधूनमधून गावात शिरायची. एका वर्षी खालची आळी सगळी पाण्यात गेली. मी एका खेपेला नऊ नऊ माणसे आणली. पाणी ओसरल्यावर मोठमोठी भाषणे झाली. मी नसते तर आळी उरली नसती, असे एक गृहस्थ खुर्चीवर उभे राहून म्हणाले आणि खुर्ची मोडली. तरीही मला बरे वाटले. स्तुती कोणाला नको असते?

मग वरच्या अंगाला धरण झाले. मधे दगडी बांध, त्याला लोखंडी दारे आणि दोन्ही बाजूंना मातीची लांबलचक भिंत. नदी वठणीवर आली. उन्हाळ्यात तर तिच्यातून शेळ्या चालत जायच्या. पुढे पूल झाला आणि बाकीच्या होड्या सरपणात गेल्या. मला तेवढे नगरपालिकेने घेतले, पुरासाठी राखीव म्हणून. नावाड्यालाही तिथेच शिपाई करून टाकले. पहिली काही वर्षे तो मला उन्हाळ्यात डांबर लावायचा. मग डांबर मिळेनासे झाले. मागायला गेला की साहेब म्हणायचे, "धरण आहे ना!" या गावात ते तीन शब्द म्हणजे सगळ्या प्रश्नांचे उत्तर होते. छप्पर गळते? धरण आहे ना. ओढ्यात घरे बांधली? धरण आहे ना.

आता गिरणीवालीची ओळख करून देते. ही नावाड्याची धाकटी बहीण. खालच्या आळीत तिची पिठाची गिरणी होती आणि वरच्या मजल्यावर घर. गिरणीच्या घरघरीत बोलून बोलून तिचा आवाज इतका चढला होता की ती कानात कुजबुजली तरी चौकात ऐकू जायचे. तिच्या नवऱ्याचे अर्धे अंग लुळे पडले होते. तो खिडकीशी खाटेवर पडून असायचा. जीभ मात्र शाबूत होती. "इथे घरघरणारी दोन जाती," तो म्हणायचा, "एक खाली, एक आमच्या घरात." ती वरवर चिडायची आणि त्याला घास भरवायची.

तर ही बाई सुशोभन समितीची प्रमुख झाली. गाव सुंदर करायचे ठरले आणि पहिला बळी माझा. मला शेडमधून ओढून चौकात आणले, दोन कट्ट्यांवर बसवले, निळा-पिवळा रंग फासला आणि माझ्या पोटात माती भरून फुलझाडे लावली. नदीवर जन्म काढलेली मी, कुंडी झाले! पण झाडे जगेनात. पावसाचे पाणी आत साचायचे आणि मुळे कुजायची. सुताराचे काम चोख होते, मी गळत नव्हते, हाच माझा गुन्हा.

गिरणीवाली आली, मातीत बोट खुपसून बघितले आणि म्हणाली, "खाली भोकं पाडा."

नगरपालिकेच्या माळ्याला माझ्या फळ्या काही भेदेनात, म्हणून नावाड्याला बोलावले. तो भोके पाडायचे गिरमिट घेऊन आला, पण ते टेकवेना.

"तायडे, ही होडी आहे. कुंडी नव्हे."

"कुठल्या नदीत सोडणार आहेस, दादा? गुडघाभर पाणी नाही तिच्यात."

"पूर आला तर?"

"धरण आहे ना! आणि साहेबांनी सही केलीय. पाड मुकाट्यानं."

त्याने सात भोके पाडली. नाइलाजाने पाडली, असे लोक अजून सांगतात. असेल नाइलाज. भोके मात्र सरळ पडली.

झाडे तरारली. लोक माझ्यापुढे उभे राहून फोटो काढायचे. चौकात बसून मला गावच्या सगळ्या गप्पा ऐकू यायच्या. धरणाचा राखणदार दर आठवड्याला तिथेच भोपळे विकायला बसायचा. मोठाले, गुबगुबीत भोपळे. "खत नाही की शिंपण नाही," तो ऐटीत सांगायचा. "धरणाच्या भिंतीखाली जमीन बारा महिने ओली असते. बी टाकायचं आणि विसरायचं." सगळे त्याचे कौतुक करायचे. मातीची भिंत बारा महिने का पाझरते, असे एकानेही विचारले नाही. मी विचारले असते, पण कुंडीचे कोण ऐकतो? या गावाला एक खोडच आहे. जिथे ओल दिसेल तिथे काहीतरी लावायचे.

मग तो पाऊस आला. आठवडाभर आभाळ फाटल्यासारखा कोसळत राहिला. धरण तुडुंब भरले. दारे उघडायला गेले तर दोन उघडली आणि बाकीची गंजून बसलेली, हलेनात. मातीच्या भिंतीवरून पाणी सांडू लागले. दुपारपर्यंत नदी खालच्या आळीत शिरली. पूल पाण्याखाली गेला आणि बाहेरून येणारी मदत पलीकडेच अडकली. आळीतले बहुतेक लोक सकाळीच वर निघून आले होते. राहिली दोन घरे. एक शिंप्याचे, शिंपी पुलापलीकडे अडकलेला आणि घरात शिंपीण, तिची म्हातारी सासू, दोन मुली आणि तान्हे बाळ. दुसरे गिरणीवालीचे. नवऱ्याला उचलून न्यायला चार माणसे हवी होती, ती मिळेपर्यंत जिना बुडाला. शिंप्याचे घर बैठे, म्हणून ती सगळी गिरणीच्या वरच्या मजल्यावर येऊन बसली होती.

आणि तेव्हा गावाला माझी आठवण झाली. तहान लागल्यावर विहीर खणणे म्हणतात ते हेच.

नावाडी फावडे घेऊन धावत आला आणि माझ्या पोटातली माती उपसू लागला. माळी मधे पडला. "अहो, कालच खत घातलंय."

नावाड्याने त्याच्याकडे असे पाहिले की माळ्याने दुसरे फावडे आणले. मग मला उलटे केले. झाडूच्या दांड्यांचे तुकडे कापून, त्यांना सायकलची ट्यूब गुंडाळून नावाड्याने एकेक भोक बुजवले. पण इतकी वर्षे ओल्या मातीत राहून भोकांच्या कडा कुजल्या होत्या. खुंट्या बसल्या, घट्ट बसल्या नाहीत. पाण्यात सोडताच सातही ठिकाणांहून मी गळू लागले. आयुष्यात पहिल्यांदा. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती आणि इतका रागही.

नावाडी वल्ही मारत होता, माळी डब्याने पाणी उपसत होता. गिरणीच्या खिडकीशी पोचलो. आधी म्हातारी उतरली, मग मुली, मग बाळाला घेऊन शिंपीण. मी खाली दबले तसे पाणी दुप्पट वेगाने आत येऊ लागले. एकट्या माळ्याच्याने ते आवरेना.

"भावोजींना दुसऱ्या खेपेला नेतो," नावाडी म्हणाला. "त्यांना आडवं ठेवावं लागेल. आत्ता जागा नाही. पण तायडे, तू उतर खाली. उपसायला अजून एक माणूस पाहिजे, नाहीतर ही सगळी मधेच जातील."

"मी ह्यांना सोडून येणार नाही. दुसऱ्या कोणाला तरी सांग."

"दुसरं कोण आहे? बाळाला सांगू?"

आतून खाटेवरून तिचा नवरा बोलला. "जा गं. मी कुठे पळून जातोय का?"

मग तिने गिरणीतले पीठ मोजायचे माप उचलले, नवऱ्याच्या अंगावरची चादर नीट केली आणि खिडकीतून माझ्यात उतरली. "ही आलेच," ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच मला हळू वाटला.

मित्रांनो, नऊ माणसे नेणाऱ्या होडीत त्या दिवशी किती होती ते मोजा. एक वल्हवणारा, दोन उपसणारे, म्हातारी, शिंपीण, दोन लहान मुली आणि एक तान्हे बाळ. धड तळाची असते तर उपसणारे नको होते. त्यांच्या दोन जागांवर तो माणूस आडवा झोपून आला असता, उरलेल्या नवव्या जागेवर गिरणीवाली, आणि वाटेत त्याने मला चार टोमणेही मारले असते.

आम्ही चौकातून आळीकडे उतरणाऱ्या पायऱ्यांना लागलो. मुलींना लोकांनी वर ओढले, म्हातारीला उचलले. गिरणीवाली उतरलीच नाही. "वळव," ती म्हणाली. नावाड्याने मला वळवलेही. तेवढ्यात वरून आवाज आला. कोणीतरी डोंगर ओढत नेत असल्यासारखा आवाज, आणि तो थांबेना. धरणाची मातीची भिंत खचली होती, बरोबर भोपळ्यांच्या वाफ्याजवळ.

माळ्याने दोर पायरीच्या खांबाला बांधला आणि नावाड्याच्या कमरेला मिठी घातली. पाणी आळीत आले ते भिंतीसारखे उभे. गिरणी त्यात पहिल्यांदा वाकडी झाली, मग दिसेनाशी झाली. खिडकी कोणत्या बाजूला गेली तेही कळले नाही.

गिरणीवाली रडली नाही. ती माप घेऊन पाणी उपसत राहिली. मी बांधलेली होते, कुठेही जाणार नव्हते, तरी ती उपसत होती. नावाड्याने हात धरला तेव्हा ती म्हणाली, "सोड. जायला उशीर होतोय." मला तिचा इतक्या वर्षांचा राग होता. त्या वेळी तो कुठे गेला ते समजले नाही. नंतर परत आला.

तिचा नवरा चौथ्या दिवशी सापडला, खूप खाली, खाटेसकट.

चौकशी झाली. निसर्गापुढे माणसाचे काय चालते, असे तिच्यात निघाले. निसर्गाने भोपळे लावले नव्हते. निसर्गाने माझ्यावर गिरमिट चालवले नव्हते. पण पालथ्या घड्यावर पाणी! वर्ष सरायच्या आत नवी समिती झाली. मला पुन्हा चौकात बसवायचे ठरले, स्मारक म्हणून. सहा जीव वाचवले, अशी पाटी लावून, आणि पाटीभोवती थोडी फुले. तसा कागद घेऊन ते गिरणीवालीकडे गेले, तिची संमती हवी म्हणून.

"हिच्यात एक फूल जरी दिसलं," ती म्हणाली, "तर मुळासकट उपटून तुमच्या टेबलावर आणून ठेवीन, चिखलासकट." कुजबुजून म्हणाली, तरी अख्ख्या चौकाला ऐकू गेले.

आता मी पायऱ्यांशेजारी एका छपराखाली असते. नावाड्याने कुजका भाग कापून नव्या फळ्या बसवल्या. दर उन्हाळ्यात गिरणीवाली डांबराचा डबा घेऊन येते आणि माझा तळ माखते. डांबर कढत असते, तिच्या हातांवर फोड येतात. मग ती मला पाण्याने भरते आणि खाली वाकून बघत बसते. आम्ही बोलत नाही. तिने माझी क्षमा मागितलेली नाही आणि मी केलेली नाही.

तर मुलांनो, शेवटी काहीतरी मागायचे असते. मला तुमची माया नको. माझ्याबरोबर फोटो नको, माझ्यावर निबंध तर मुळीच नको. तुमच्या गावात जा आणि अडीअडचणीसाठी ठेवलेल्या वस्तू बघून या. शिडी, दोर, पंप, धरणाची दारे, जे असेल ते. कोणी त्यावर कपडे वाळत घातले असतील, कोणी त्यात झाडे लावली असतील. तिथे मोठ्यांना उलट बोला. उद्धट म्हणतील, म्हणू द्या. मी आयुष्यभर गप्प राहिले आणि गुणी म्हणवले. त्या दुपारी माझ्यात एका माणसाची जागा होती, आणि तिथे पाणी बसले होते.